दुसरा खंड बाहेर गेलाय

जिना चढताना डोकं सांभाळा. एक जिना झाला की थांबू नका, दुसराही चढायचाय. वर उतरलेल्या कुटुंबाला बसायची खोली आणि निजायच्या खोल्या एकाच मजल्यावर हव्या होत्या, म्हणून त्यांनी एवढी उंची पत्करलीय. लंडन-डोव्हर रस्त्यावरचं डार्टफर्ड गाव, 'बुल अँड जॉर्ज' नावाची सराई, बुधवार, २४ ऑक्टोबर १७९८. पुण्यात दुसऱ्या बाजीरावाला गादीवर बसून अजून दोन वर्षंही झालेली नाहीत आणि नाना फडणीस हयात आहेत, एवढं लक्षात ठेवलंत की काळाचा अंदाज येईल.

खोलीत तिघं आहेत. तुम्ही कोणाला दिसत नाही, तेव्हा बिनधास्त आत या. आई फायरप्लेसजवळ बसलीय, प्रवासाने थकलेली. जेवणात बीफस्टेक आणि उकडलेली कोंबडी होती, ऑयस्टर सॉस मात्र मिळाला नाही. टेबलाशी एक बावीस वर्षांची मुलगी पत्र लिहितेय. इथे पोचल्या पोचल्या तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तिची लिहायची पेटी आणि शृंगाराची पेटी चुकून दुसऱ्याच गाडीत चढली आणि ती गाडी ग्रेव्हझंडच्या दिशेने निघूनही गेली, तिथून पुढे वेस्ट इंडिजला जायला! मागे घोडेस्वार पिटाळला, तेव्हा कुठे दोन-तीन मैलांवर पेट्या हाती लागल्या. पेटीत सात पौंड होते. तिची त्या दिवसाची एकूण दौलत तेवढीच.

मुलीचं नाव जेन ऑस्टेन. अजून तिचं एकही पुस्तक छापलेलं नाही. गेल्या वर्षी वडिलांनी तिच्या एका कादंबरीबद्दल लंडनच्या प्रकाशकाकडे विचारणा केली होती, तर उलट टपाली नकार आला.

आता वडिलांकडे वळा. रेव्हरंड जॉर्ज ऑस्टेन, हॅम्पशरमधल्या स्टीव्हन्टनचे पाद्री, वय सदुसष्ट. लोकांना जन्म-मृत्यू-परलोक समजावून सांगण्यात ज्याची हयात गेली, असा माणूस. त्यांच्या हातात काय आहे बघा. प्रवचनं नाहीत, लॅटिन कवी नाही. 'द मिडनाइट बेल'. फ्रान्सिस लेथम नावाच्या तरुण लेखकाची, याच वर्षी आलेली तीन खंडांची कादंबरी. जर्मनीतला किल्ला, परागंदा वारस, आणि मध्यरात्री वाजणारी घंटा. त्यांच्या खांद्यावरून वाचायचा प्रयत्न करा. पहिल्यांदा अडखळाल, कारण छपाईत अजून लांब 'एस' वापरतात आणि तो हुबेहूब 'एफ'सारखा दिसतो. शब्दाशब्दाला 'स'च्या जागी 'फ' वाचल्याने सगळं पान बोबडं वाटतं. चार-पाच ओळींत सवय होईल. भुताची गोष्ट बोबडी असली तरी काम करते.

आणि मुलीचं पत्र? ते केंटमध्ये भावाकडे राहिलेल्या बहिणीला, कॅसॅन्ड्राला चाललंय. त्यात पेट्यांची धांदल आहे, आईची तब्येत आहे, जेवण आहे, आणि एक साधीशी बातमी आहे: वडील सध्या 'मिडनाइट बेल' वाचताहेत, लायब्ररीतून आणलंय, आणि आई शेकत बसलीय. बस्स. पुस्तक बरं की वाईट, एक अक्षर नाही. या काळात टपालाचा खर्च पत्र घेणाऱ्याला पडतो, कागद वाढला की पैसे वाढतात. म्हणून माणसं एका तावात मावेल तेवढंच, कोपरे भरून लिहितात. त्या महागड्या जागेत 'कोण काय वाचतंय' याला जागा मिळते, यावरून त्या घराची कळा ओळखा. 'सध्या काय वाचताय?' या प्रश्नाचं उत्तर कोणी न विचारताच दिलं जातंय.

मला या ओळीचं अप्रूप वेगळ्याच कारणासाठी आहे. इतर पुस्तकं वाचून झाल्यावर त्यांच्याविषयी बोललं तरी चालतं. भयकथेबद्दल मात्र माणूस वाचता वाचताच बोलतो. पुस्तक संपलं की भीतीचा उलगडा झालेला असतो, आणि उलगडा झालेली भीती शिळ्या भाकरीइतकीही चवदार लागत नाही. म्हणून या वाचकांच्या बोलण्यात 'काय वाचलंस' यापेक्षा 'कुठपर्यंत आलास' याला भाव जास्त. तो भाव नेमका कसा ठरतो, हे पाहायला आपण आणखी दोन-चार ठिकाणी जाऊ.

आधी लंडन. लेडनहॉल स्ट्रीट. गर्दी, घोड्यांची लीद, कोळशाचा धूर. नाकाला रुमाल लावा. इथे विल्यम लेन नावाच्या गृहस्थाचा छापखाना आणि फिरतं वाचनालय आहे. विद्येच्या रोमन देवतेचं नाव त्याने दुकानाला दिलंय, 'मिनर्व्हा'. स्वतः हा कोंबड्या-बदकं विकणाऱ्याच्या घरातला. आणि सांगतो, धंद्याची समज बघा. नवी कादंबरी विकत घेणं ही या काळात चैन आहे. तीन-चार खंडांची किंमत साध्या कारकुनाच्या खिशाला झेपत नाही. पण वर्षाची वर्गणी भरून एकेक खंड घरी नेणं झेपतं. मग लेनने नुसती पुस्तकं छापली नाहीत, वाचनालयंच विकायला काढली. एखाद्या गावातल्या टोप्या विकणाऱ्याला किंवा औषधवाल्याला जोडधंदा हवाय? शंभर खंडांपासून दहा हजार खंडांपर्यंत, पाहिजे तेवढी तयार लायब्ररी लेन पाठवून देतो, यादीसकट. गावोगावी भुतं पोचली ती अशी, पेटाऱ्यात भरून, घाऊक भावाने.

आत गेलात तर पुस्तकांच्या थप्प्यांत बहुतेक नावं बायकांची किंवा नावच नसलेली दिसतील. एलायझा पार्सन्स हे नाव शोधा. नवऱ्याचा टर्पेंटाइनचा धंदा बुडाला, पुढे नवराही गेला, आठ मुलं पदरात. बाई लिहायला लागल्या. 'कॅसल ऑफ वुल्फेनबाख' १७९३ सालचं, 'मिस्टीरियस वॉर्निंग' १७९६ सालचं. समीक्षकांनी नाकं मुरडली. त्यांना मुरडू द्या. पछाडलेल्या किल्ल्याच्या भाड्यावर आठ पोरांची पोटं भरणं हे काही ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही.

तिथून हॅम्पशरमधलं बेसिंगस्टोक. त्याच वर्षीचा डिसेंबर, रस्ते चिखलाने भरलेले. इथल्या मार्टिनबाई जानेवारीत नवं वाचनालय सुरू करताहेत आणि वर्गणीदार मिळवायला चिठ्ठ्या धाडताहेत. स्टीव्हन्टनच्या पाद्रीबाबांच्या घरीही एक आलीय. उघडून बघा. बाईंनी आवर्जून लिहिलंय की आमच्याकडे नुसत्या कादंबऱ्याच नाहीत हो, इतर वाङ्मयही आहे. घरात ही चिठ्ठी वाचून जेनला हसू आलंय. बहिणीला ती कळवते की आमच्यापुढे एवढी सारवासारव कशाला. आम्ही सगळे पक्के कादंबऱ्या वाचणारे, आणि त्याची आम्हाला लाज नाही. वर्गणीला नाव कॅसॅन्ड्राचं, पैसे आईचे.

या विनोदाच्या बुडाशी काय आहे ते तुम्हाला माहीत असलेलं बरं. इंग्लंडात या काळात कादंबरी हातात असलेली मुलगी म्हणजे वाया गेलेली मुलगी, असं सांगणारे धर्मोपदेशक ढिगाने आहेत. प्रवचनांतून, मासिकांतून, नीतिपर पुस्तकांतून एकच धोशा: कल्पना भडकते, झोप उडते, स्वयंपाकघर ओस पडतं. भुतांच्या कादंबऱ्यांवर तर दुप्पट राग. मार्टिनबाईंना त्या रागाला घाबरून राहायचंय आणि धंदाही करायचाय. दोन वर्षांत त्यांचं दिवाळं निघालं, घरावर जप्ती आली. 'इतर वाङ्मय' काही उपयोगी पडलं नाही, असं म्हणायचा मोह होतो. पण माणूस बुडालेला असताना टोमणा मारू नये.

आता बाथ. इथे मुक्काम करा.

१७९९ सालचा फेब्रुवारी. पाऊस. मिल्सम स्ट्रीटच्या फरसबंदीवरून बायका खडावांसारखी लोखंडी कडी बुटांखाली बांधून चालताहेत आणि सगळा रस्ता खणखणतोय. पालखीसारख्या बंद खुर्च्या दोन-दोन माणसं उचलून पळताहेत, आत बसलेल्याच्या गुडघ्यावर टोपी. लोक इथे येतात ते गरम झऱ्याचं पाणी प्यायला, संधिवात घालवायला आणि नवरा गाठायला. पाण्याला लोखंडाची चव आहे, एक पेला पुरे. पाऊस पडला की पाण्याचा, फिरण्याचा, नवऱ्यांचा सगळाच कार्यक्रम रद्द. मग उरतं काय? मार्शलची लायब्ररी.

दार ढकला. ओल्या लोकरीचा आणि सरसाचा वास. काउंटरवर पुस्तकांशेजारी पंखे, लिहायचे कागद, लाख, मैफलींची तिकिटं. मागच्या मांडणीत छोट्या आकाराचे खंड, पाठीला चामडं आणि बाजूंना पुठ्ठा, सगळ्यांना सारखा पोशाख, शाळेतल्या मुलांसारखे. तुम्हाला हवंय ॲन रॅडक्लिफबाईंचं 'मिस्टरीज ऑफ उडॉल्फो'. १७९४ साली आलेलं, चार खंडांचं. हे लिहिल्याबद्दल प्रकाशकाने त्यांना पाचशे पौंड दिले. कादंबरीला पाचशे पौंड, हे ऐकून तेव्हा भल्याभल्यांच्या भुवया वर गेल्या होत्या. सगळं घडतं फ्रान्स-इटलीत. बाईंनी इटलीत उभ्या आयुष्यात पाऊल ठेवलेलं नाही.

"पहिला आहे," काउंटरमागचा माणूस म्हणतो, "तिसरा आहे, चौथाही आहे. दुसरा खंड बाहेर गेलाय."

तुमच्या चेहऱ्यावरची निराशा त्याच्या ओळखीची आहे. उडॉल्फोचा किल्ला येतो तो दुसऱ्या खंडात. पहिला खंडभर बाप आजारी पडून वारतो, मुलगी, एमिली, पिरेनीज पर्वत बघून कविता करते, आत्या छळते. तुम्हाला म्हणून सांगतो, पहिल्या खंडातली निसर्गवर्णनं भराभर उलटलीत तरी चालेल. सूर्यास्त एवढे आहेत की बाईंच्या जगात सकाळ होते की नाही अशी शंका यावी. पण एकदा एमिली त्या किल्ल्याच्या फाटकातून आत गेली की मात्र एक ओळ सोडू नका.

दुसरा खंड कोणाकडे आहे हे तुम्हाला लगेच कळतं. खिडकीजवळ दोन मावसबहिणी बसल्यात. बारकीच्या मांडीवर तो आहे, मुदत वाढवून घ्यायला आणलेला.

"कुठपर्यंत आलीस?"

"पडद्यापर्यंत."

"काळ्या?"

"हो. पण ताई, तू एक अक्षर बोलायचं नाहीस हं."

"मी कशाला बोलू? पण... नाही. काही नाही."

"बघ, बोललीस!"

"काय बोलले? 'पण' म्हणाले नुसतं."

"तुझ्या त्या 'पण'वरून कळतं सगळं. तिथे सांगाडा आहे ना? नको, सांगू नकोस. सांगाडाच असणार. मान हलवू नकोस!"

ऐका हे नीट. यात एकीनेही पुस्तकातलं काही सांगितलेलं नाही, आणि तरी दोघींनी मिळून जे वाटून घेतलं ते नुसती गोष्ट सांगून मिळालं नसतं. ताई पुढे जाऊन आलीय. तिला माहीत आहे पडद्यामागे काय आहे ते, आणि आता तिचा सगळा आनंद बारकीच्या तोंडाकडे बघण्यात आहे. स्वतःची भीती संपली, आता दुसरीची उसनी घ्यायची. बारकीला ताई हवीय, कारण पुढे जाऊन जिवंत परत आलेलं कोणीतरी शेजारी बसलेलं असलं की पान उलटायला धीर येतो. तिने तोंड मात्र उघडता कामा नये. मराठीतले भयकथाकार धारप यांची पुस्तकं ज्यांनी खाकी कव्हर चढवलेल्या लायब्ररीच्या प्रतींतून वाचलीत आणि शेवटच्या पानांआधी समासात कोणा हलकटाने पेन्सिलीने शेवट लिहून ठेवलेला पाहिलाय, त्यांना या शिष्टाचाराची किंमत वेगळी सांगायला नको.

पडद्यामागे काय आहे ते मीही सांगणार नाही. सव्वादोनशे वर्षं झाली म्हणून काय झालं! एवढंच सांगतो की दुसऱ्या खंडात एमिली पडदा उचलते, बघते आणि बेशुद्ध पडते. आणि तिने काय पाहिलं ते रॅडक्लिफबाई वाचकाला चौथ्या खंडाच्या अखेरीपर्यंत सांगत नाहीत. शेकडो पानं! मधे किल्ला सुटतो, समुद्र येतो, दुसरी माणसं येतात, आणि वाचक तो पडदा बरोबर घेऊन फिरतो. या शेकडो पानांच्या काळात इंग्लंडभर किती लोकांनी एकमेकांना 'कुठपर्यंत आलीस' विचारलं असेल! लायब्ररीत खंड सुटे मिळतात म्हणून हा काळ आणखी लांबतो. पुढचा खंड दुसऱ्या कोणाच्या उशाशी पडलेला, तुम्ही आठवडाभर अधांतरी. लेखिकेने रचलेली वाट बघणं आणि लायब्ररीच्या वहीने लादलेली वाट बघणं, दोन्हींची गाठ अशी पडली की सुटता सुटत नाही.

खंड हाती लागला की मुक्कामावर न्या आणि रात्री वाचा. खोलीत एक चरबीची मेणबत्ती मिळेल, मेणाची महाग. मेंढीच्या चरबीचा वास येईल, ठिणग्या उडतील, आणि दर थोड्या वेळाने वातीचं जळकं टोक कात्रीने छाटावं लागेल. घाईत छाटलंत तर ज्योतच जाईल. मग काळोख, आणि काडेपेटीचा शोध लागायला अजून सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं आहेत. गारगोटीवर पोलाद आपटत बसा. विजेच्या दिव्याखाली वाचणाऱ्या आपल्याला हे कधी कळत नाही की या माणसांच्या वाचण्यात प्रकाश स्वतःच एक धोका होता. पुस्तकात दिवा विझतो तेव्हा वाचणाऱ्याचा हात नकळत कात्रीकडे जातो, आणि पडद्याला आग लागेल या भीतीने पलंगावर वाचायची चोरी. एमिलीच्या निजायच्या खोलीत एक दार आहे. त्याला आतून कडीच नाही. हे वाक्य मेणबत्तीच्या उजेडात वाचून झालं की आपल्या खोलीच्या दाराकडे बघायचं टाळून दाखवा.

बाहेर आता पुरुषांकडेही बघायला हवं, कारण ते स्वतःहून समोर येत नाहीत. मार्शलच्या वर्गणीदारांच्या वहीत पुरुषांची नावं बायकांपेक्षा जास्त आहेत. तरी काउंटरशी 'घरच्या मंडळींसाठी हवंय' असं सांगणारा भारदस्त गृहस्थ तुम्हाला दिसेलच, आणि तो खंड कोटाच्या खिशात सरकवताना पहिलं पान हळूच उघडून बघेल. जेनला ही जात बरोबर ठाऊक आहे. याच सुमारास ती 'सुझन' नावाची कादंबरी लिहितेय, जिचं पुढे 'नॉर्दँगर ॲबी' झालं. त्यातला जॉन थॉर्प हा उठवळ पोरगा कादंबऱ्यांना नावं ठेवतो, वर रॅडक्लिफबाईंच्या मात्र चांगल्या म्हणतो, आणि उडॉल्फो त्यांचंच आहे हे त्याला माहीत नसतं. उलट हेन्री टिल्नी. तो बिनदिक्कत सांगतो की मी शेकड्यांनी कादंबऱ्या वाचल्यात, उडॉल्फो दोन दिवसांत संपवलं आणि वाचताना केस उभे राहिले होते. वर त्याची एक चोरीही उघडकीला येते. बहिणीला मोठ्याने वाचून दाखवायचं कबूल केलं होतं. तिला पाच मिनिटं कोणी बोलावलं, तेवढ्यात साहेब खंड घेऊन पसार, आणि बागेच्या वाटेवर एकटेच पुढे वाचत सुटले. बहीण अधांतरी! मला विचाराल तर नायिकेने त्याच्या प्रेमात पडायला एवढं पुरेसं होतं.

याच कादंबरीत, बाथच्या पंपरूममध्ये, म्हणजे ते झऱ्याचं पाणी प्यायच्या दालनात, दोन मैत्रिणींचं ते बोलणं आहे ज्यात इझाबेला थॉर्प आपल्या टिपणवहीतून भयंकर कादंबऱ्यांची यादी वाचून दाखवते. सात नावं: 'कॅसल ऑफ वुल्फेनबाख', 'क्लेरमाँट', 'मिस्टीरियस वॉर्निंग्ज', 'नेक्रोमॅन्सर ऑफ द ब्लॅक फॉरेस्ट', 'मिडनाइट बेल', 'ऑर्फन ऑफ द ऱ्हाइन', 'हॉरिड मिस्टरीज'. आणि नायिका कॅथरीनला एकच काळजी: सगळ्या नक्की भयानक आहेत ना? यादी इझाबेलाची स्वतःची नाही, एका तिसऱ्या मैत्रिणीने वाचून दिलेली. कोणी वाचलं, कोणाला सांगितलं, कोणी उतरून घेतलं, ही साखळी भयकथेच्या वाचकाला नवीन नाही. पाचवं नाव ओळखलंत? पाद्रीबाबांचं पुस्तक मुलीने यादीत घालून टाकलं. चेष्टा आहेच, पण घरातल्याच माणसाची चेष्टा. त्यात लोभ असतो.

पुढचा प्रवास भरभर करू, त्यात नुसतं थांबणं आहे. १८०३ साली 'सुझन'चं हस्तलिखित क्रॉस्बी नावाच्या लंडनच्या प्रकाशकाने दहा पौंडांना घेतलं. रॅडक्लिफबाईंना पाचशे, इथे दहा. घेतलं आणि कपाटात ठेवून दिलं. सहा वर्षांनी जेनने खोट्या नावाने खरमरीत पत्र लिहिलं, तर उत्तर आलं की दहा पौंड परत करा आणि घेऊन जा. तिच्याकडे तेवढे सुटे नव्हते म्हणा किंवा घाई नव्हती म्हणा, हस्तलिखित परत यायला १८१६ उजाडलं. तोवर ती तिकडे चार कादंबऱ्यांची लेखिका झाली होती. तिने छोटं निवेदन लिहून ठेवलं की मधल्या तेरा वर्षांत जागा, चालीरीती, पुस्तकं, मतं सगळं बदललंय, वाचकांनी सांभाळून घ्यावं. पुस्तक छापून आलं १८१७च्या डिसेंबरात. ती जुलैतच गेली होती.

आणि ती सात पुस्तकं? ती इतकी साफ विसरली गेली की पुढे लोकांना वाटायला लागलं, ही नावं ऑस्टेनबाईंनी गंमत म्हणून रचली असणार. नावंही तशीच आहेत, रचल्यासारखी. विसाव्या शतकात माँटेग्यू समर्स आणि मायकल सॅडलिअर यांच्यासारख्या संग्राहकांनी जुनी दुकानं आणि लिलाव पालथे घातले, आणि १९२७ साली सॅडलिअरने पुस्तिका लिहून दाखवलं की सातही खरी आहेत. सातांपैकी सहा लेडनहॉल स्ट्रीटवरच्या लेनच्या छापखान्यातली. अपवाद 'मिडनाइट बेल'. त्या छापखान्यातली पुस्तकं कमी का उरली याचं कारण सोपं आहे. ती कपाटात शोभेला ठेवली गेलीच नाहीत. हातोहात फिरून फाटली, मेणबत्तीचे थेंब पडून डागाळली, वाचून वाचून संपली. कातडी बांधणीतली प्रवचनं धडधाकट आहेत, कारण त्यांना फारसा कोणी हात लावला नाही.

परतायच्या आधी मिल्सम स्ट्रीटला एक चक्कर मारा. खंड परत करायचाय, उशीर झाला तर दंड. पाऊस चालूच आहे. खिडकीजवळ आज बारकी एकटीच आहे, ताईला पडशाने घरी ठेवलंय. तिच्या हातात चौथा खंड. म्हणजे तिला आता सगळं माहीत आहे, आणि सांगायला माणूस नाही. अशा वाचकाची अवस्था किती वाईट असते ते तुम्ही जाणता. तिची नजर तुमच्या हातातल्या दुसऱ्या खंडावर पडते. या वेळी तुम्ही दिसता तिला.

"वाचून झाला तुमचा?" ती विचारते.

तुम्ही चारही खंड वाचलेत. पडद्यामागचं तुम्हाला ठाऊक आहे, तिलाही ठाऊक आहे. दोघं मिळून सगळं उकरून काढता येईल. पण मग तिच्या चेहऱ्यावर काय उरेल? तुम्ही सरळ खोटं बोलता.

"छे, सुरुवातच केलीय. किल्ल्यात आत्ता कुठे पोचलोय."

तिचे डोळे चमकतात. ती खुर्ची पुढे ओढते, आवाज खाली आणते.

"मग तिच्या त्या खोलीत आला असाल ना? ते दार आलं का? आतून कडी नसलेलं? रात्री ती निजते, आणि सकाळी उठून बघते तर ते दार बाहेरून कोणीतरी..."

"आधी दाराला जड खुर्ची लावते, मॅडम," काउंटरमागून आवाज येतो. वहीत मान घालून बसलेला तो माणूस, जो गेल्या खेपेला म्हणाला होता की असली पुस्तकं आपण नुसती देतो-घेतो, वाचायला वेळ कोणाला आहे. "खुर्चीचं राहिलं तुमचं. खुर्ची महत्त्वाची आहे."

"तुम्ही कुठपर्यंत आलात?" बारकी गर्रकन वळून त्याला विचारते.

"मी? मी कुठला वाचतोय," तो म्हणतो आणि शाईत टाक बुडवतो. "तिसऱ्यांदा चाललंय. दुसरा खंड परत यायचीच वाट बघत होतो. आणा इकडे तो."